हॉलमधून पाथर्डी

आमच्या केडगावात नळाला तीन दिवसांआड पाणी येतं. अशा ठिकाणी, गेल्या जानेवारीत, प्रभुदास उजागरे यांच्या हॉलमध्ये एक होडी येऊन पडली. होडी हे गल्लीतल्या लोकांचं म्हणणं. खरं तर ते व्यायामाचं रोइंग मशीन होतं. एक लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी सीट, पाय अडकवायला पट्टे आणि समोर दोरीला बांधलेली दांडी. दांडी पोटाकडे ओढली की सीट मागे जाते, सैल सोडली की पुढे येते. एवढा सगळा खटाटोप करून माणूस जागच्या जागीच. टेम्पोतून ते उतरवत होते तेव्हा मी दारातच उभा होतो आणि मला हसू आवरेना. दादांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग मी मुकाट्यानं मशीनला हात लावला.

दादा म्हणजे हेच प्रभुदास. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर. मी कानिफनाथ, पाथर्डी तालुक्यातला, एसटीत कंडक्टर. त्यातली चौदा वर्षं आम्ही दोघं एकाच मार्गावर, नगर ते पाथर्डी. चौदा वर्षं एका गाडीवर काढणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्यांच्या मानेचा मागचा भाग बघून मी सांगत असे, आज घरी भांडण झालंय की भाजी आवडली नाही. ते ख्रिस्ती, मी नाथांचा. नाताळच्या करंज्या माझ्याकडे यायच्या, मढीच्या यात्रेची रेवडी त्यांच्याकडे जायची. निवृत्तीनंतर मी घर घेतलं तेही त्यांच्यापासून दोन घरं सोडून. बायको म्हणाली, अजून पोट भरलं नाही का त्या माणसाच्या संगतीनं. खरंच भरलं नव्हतं.

दादांची बायको रेबेकाबाई. दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द ओझं उचलल्यासारखा बाहेर यायचा. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, परत पलंगावर, असं दिवसातून पाच-सहा वेळा त्यांना उचलायचं काम दादा एकटे करत. मदतीला एक बाई ठेवली होती, ती त्यांनी चार दिवसांत घालवली. म्हणाले, माझी बायको मी उचलीन, परक्याचा हात नको. असल्या वाक्यांना लोक माना डोलावतात. मीही डोलावली होती.

मशीन येण्याआधीच्या नाताळात त्यांचा मुलगा सायमन पुण्याहून आला. त्यानं बापाला आईला उचलताना पाहिलं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलेला, बायकोच्या बगलेत हात घालून उभा राहताना दोन्ही पाय लटपटतायत. संध्याकाळी सायमन मला बाजूला घेऊन म्हणाला, नाथाकाका, हे असं चालणार नाही, एक दिवस दोघंही पडतील. पुण्याजवळ अशा आजाऱ्यांची देखभाल करणारं एक घर त्यानं बघून ठेवलं होतं. दादांना तिथं राहता येणार नव्हतं, फक्त भेटायला जाता येणार होतं.

त्यावरून बापलेकांत दोन दिवस अबोला झाला. शेवटी सायमननंच मार्ग काढला. म्हणाला, पप्पा, मी ईस्टरला येतो. तोवर तुमचे पाय न थरथरता मम्मीला उचलता आलं, तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही जमलं तर तिला मी नेणार. आणि पोरगा बोलून थांबला नाही. चर्चमधली शॅरन फिजिओथेरपिस्ट आहे, तिला विचारून त्यानं हे मशीन धाडलं. ती म्हणाली होती की चालण्यानं तुमच्या गुडघ्यावर भार येतो, बैठका तर विसराच, पण हे बसून करायचं आहे, पाय आणि पाठ दोन्ही तयार होतील.

शॅरननं दादांना शिकवलं तेव्हाही मी होतोच, कारण मी कुठे नसतो. तिचं सांगणं सोपं होतं. आधी पायानं रेटायचं, मग पाठ मागे, हात सगळ्यात शेवटी. जोराचा आकडा एक ते दहा आहे, तो तीनच्या वर न्यायचा नाही. वीस मिनिटं पुरे. आणि ओढता ओढता समोरच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईनासं झालं की थांबायचं, मग कितीही झालेलं असो. जाताना तिनं मला मुद्दाम सांगितलं, काका, तुम्ही बसता ना इथं, तुम्ही बोलत ठेवा त्यांना. मी म्हटलं, पोरी, तेवढं एकच काम मला येतं.

पहिला आठवडा वाईट गेला. दादा पाच मिनिटांत कंटाळायचे. एवढं ओढून समोर तीच भिंत, तेच कॅलेंडर. म्हणाले, नाथा, आयुष्यात असली गाडी हाकली नाही, धूर निघतोय आणि स्टँड सुटत नाही. मशीनला छोटी स्क्रीन होती, तिच्यावर किती मीटर झाले ते दिसायचं. ते बघून मी सहज बोलून गेलो की दादा, बावन्न हजार मीटर झाले की पाथर्डी आली.

एवढंच बोललो. पण दादांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांच्या निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाकी शर्ट बाहेर काढला होता. मी स्टीलचा ग्लास आणि चमचा घेऊन खुर्चीत बसलो. दोन टोले दिले, आणि गाडी नगरच्या स्टँडवरून निघाली.

लोक हसले. मी म्हणतो हसू द्या. रोज दोन-तीन किलोमीटर व्हायचे. मी थांबे पुकारायचो. भिंगार आलं की भिंगार, मेहेकरी आली की मेहेकरी. एक टोला थांबायला, दोन निघायला, गाडीतल्यासारखंच. मधल्या वाटेत कोण कुठं चढायचं ते आठवायचं. ऊसतोडीला निघालेली माणसं, त्यांची बोचकी, कोंबड्या, एकदा तर टपावर अख्खा पलंग. दादा ओढता ओढता त्यांची नावं सांगायचे. शॅरनला पाहिजे होतं तसं बोलणं आपोआप होत होतं. करंजीचा घाट जाताना उतरणीचा. तिथं ते आकडा एकवर आणायचे आणि म्हणायचे, ब्रेकवर पाय आहे, घाबरू नका. आतल्या खोलीचं दार उघडं असायचं. पलंगावरून सिस्टर आमच्याकडे बघत असायच्या.

आणि गुण आला, हे कबूल केलं पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी दादांनी सिस्टरना उचललं तेव्हा पाय हलले नाहीत. मी पाहिलं. त्यांनीही मी पाहिलंय का ते पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा चहा पाजला. सायमनला फोन लावून पाथर्डीची एक फेरी पुरी झाल्याचं सांगितलं, तर तिकडून पोरगाही हसला.

फक्त एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. पहिल्या फेरीत परतीचा घाट, म्हणजे चढाचा, त्यांना सलग झाला नव्हता. घाट म्हणून आम्ही चार हजार मीटर धरले होते. अर्धा शनिवारी झाला, मधे रविवार आला. रविवारी ते मशीनला हात लावत नसत. सोमवारी उरलेला केला. दुसरा कुणी असता तर विसरला असता. पण आमच्या वेळच्या गाड्या भरलेल्या असताना घाटाच्या चढावर थांबल्या की पुन्हा उचल घ्यायच्या नाहीत, मागे सरकायच्या. म्हणून घाटात ड्रायव्हर गाडी उभी करत नाही. कुणी हात दाखवो, कुणाला ओकारी होवो, माथा आल्याशिवाय नाही. घाटात मीही कधी बेल देत नसे, ते पहिल्या महिन्यातच शिकवलं जातं. दादा म्हणायचे, एकतीस वर्षांत नाही झालं ते या खेळण्यात झालं, घाटात गाडी उभी करून मी चर्चला गेलो.

दुसऱ्या फेरीचा परतीचा घाट ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आला. गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, शनिवारी सायमन येणार. दादांनी सकाळीच मला सांगून टाकलं की आज घाट एका दमात, आणि खऱ्या घाटासारखा. आकडा दहावर. मी म्हणायला हवं होतं की शॅरननं तीन सांगितलाय. मी म्हटलं, बघा बरं, गाडी फुल हाय.

पहिला हजार त्यांनी बोलत काढला. दुसऱ्यात बोलणं थांबलं. मी विचारलं, करंजीच्या त्या भज्यांच्या हॉटेलवाल्याचं नाव काय हो, तर त्यांनी नुसती मान हलवली. पायानं रेटायचं विसरले होते, सगळं कमरेनं आणि हातांनी चाललं होतं. तिसऱ्या हजारात चेहरा विटेसारखा झाला आणि मानेवरची शीर उठून आली. ती मान मी चौदा वर्षं वाचलेली. तिच्यात काय लिहिलंय ते मला कळत होतं, कळलं नाही असं मी कुणालाही सांगणार नाही. चमचा माझ्या हातात होता. एक टोला दिला असता तर तो माणूस थांबला असता. कंडक्टरची बेल त्यांनी आयुष्यात कधी मोडली नाही. पण घाटात बेल देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही माथा गाठायचा होता. निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. त्या हॉलमध्ये मी पुन्हा कंडक्टर होतो.

आतून सिस्टर म्हणाल्या, "बस." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "बस करा."

मी त्यांना हात केला आणि ओरडून सांगितलं, "आला, सिस्टर, माथा आला."

माथा आला. दादा दांडी सोडून मागे रेलले आणि हसले. पाच मिनिटांनी बोलायलाही लागले. मी खूश होऊन घरी जेवायला गेलो. पहिली भाकरीही संपली नव्हती, तोच त्यांचा फोन आला. नुसतं "नाथा, ये" म्हणाले.

दोघं जमिनीवर होते. सिस्टरना मोरीत न्यायला त्यांनी उचललं आणि अर्ध्या वाटेत कमरेतून कळ आली, पाय होते तिथंच मुडपले. पडताना त्यांनी स्वतःला खाली घातलं होतं, त्यामुळे सिस्टरच्या डोक्याला काही झालं नाही. पण पडताना माणूस हात टेकतो, आणि टेकायला सिस्टरकडे एकच हात होता. उजवं मनगट मोडलं. त्या हातानं त्या जेवायच्या, बायबलची पानं उलटायच्या, केस विंचरायच्या. दादा खालून मला सांगत होते, आधी हिला घे. मला कुठून धरायचं ते कळेना. मी गल्लीतल्या चार बायकांना हाका मारल्या.

सायमन त्याच संध्याकाळी आला. दवाखान्यात बापाच्या कमरेला पट्टा, आईच्या हाताला प्लास्टर. मला वाटलं होतं पोरगा तोंड सोडेल, आणि सोडलं असतं तर बरं झालं असतं. तो दोघांच्या मधे स्टुलावर बसून राहिला. बोलले ते दादाच. म्हणाले की डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत, दोन महिन्यांत पाठ भरून येईल, मी पुन्हा सुरुवात करतो, या खेपेला तीनच्या वर आकडा नाही. नाथाला विचार, मार्चमध्ये माझे पाय हलत नव्हते. सायमननं माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली.

तेव्हा सिस्टर बोलल्या. त्यांना एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी मधे बोललं नाही.

"मला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला जायचंय."

दादांना वाटलं त्या दुखण्यामुळे बोलतायत. ते म्हणाले, "अगं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मला जमत होतं की नाही, तू सांग."

"चाळीस वर्षं पेशंट उचलले," सिस्टर म्हणाल्या. "एकटीनं कधीच नाही. दोघींनी उचलायचं. तो नियम." एवढ्यानं त्यांना दम लागला. सायमननं पाणी पाजलं. पाणी पिऊन त्यांनी दादांकडे तोंड वळवलं. "तुमच्या हातात मला रोज भीती वाटायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही खूश होतात."

दादा कमरेच्या पट्ट्याची टोकं चाचपत बसले. मी त्यांना घाटात टायर फुटताना पाहिलंय, बापाच्या मातीला जाताना पाहिलंय. असे बसलेले कधी पाहिले नाहीत. दोन वर्षं जिच्यासाठी सगळं चाललं होतं, तिला एकदाही विचारलं नव्हतं, हे त्या दवाखान्यात सगळ्यांच्या देखत त्यांना कळलं. मला दया आली आणि रागही आला. राग कुणाचा ते त्या वेळी नीट कळलं नाही.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सायमन आईला घेऊन गेला. दादा दर रविवारी सकाळची उपासना झाली की पुण्याच्या एसटीत बसतात आणि संध्याकाळी परत येतात. जाताना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत नाहीत, शेवटच्या बाकावर बसतात. घरात फार बोलत नाहीत. शॅरन येऊन हळूहळू व्यायाम पुन्हा सुरू करायला सांगून गेली, त्यावर बघू म्हणाले. मी दोनदा गेलो तर दार उघडून म्हणाले, नाथा, झोप येतेय. सकाळचे दहा वाजले होते.

जूनमध्ये एका रविवारी मी न विचारताच स्टँडवर त्यांच्याबरोबर उभा राहिलो. त्यांनी नको म्हटलं नाही. ते घर स्वच्छ होतं, फिनेलचा वास येत होता. सिस्टरचं प्लास्टर निघालं होतं. त्यांनी मला बघितलं आणि उजवा हात जरासा वर केला. बोटं अजून नीट मिटत नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून व्हरांड्यात न्यायची वेळ झाली होती. पुष्पावती नावाची पन्नाशीची बाई आली, दाराकडे बघत थांबली आणि पुटपुटली की आज दुसरी बाई सुट्टीवर आहे. दादा अर्धे उठले. ती म्हणाली, बाबा, तुमच्या कमरेला पट्टा, बसा गुमान. मग माझ्याकडे वळली.

"काका, तुमी या. त्या बाजूनं चादर धरा. दोनी हातानं. मी तीन म्हनले की उचला."

मी दादांकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्यांच्या घरी जेवलोय, पण सिस्टरच्या पलंगापाशी मी कधी उभा राहिलो नव्हतो. ते खिडकीकडे बघत होते. मी सिस्टरच्या अंगाखालच्या चादरीची दोन टोकं धरली. पुष्पावती तीन म्हणाली आणि सिस्टर उचलल्या गेल्या. काही जोर लागला नाही. सासष्ट वर्षांचा मी, जन्मात व्यायाम न केलेला, आणि मला धापसुद्धा लागली नाही. पलंग ते खुर्ची, चार सेकंद. सिस्टर आमच्या दोघांच्या मधे, छताकडे बघत, अगदी निवांत होत्या.

माझं घर दादांच्या घरापासून दोन घरं सोडून आहे. तीन महिने मी रोज सकाळी त्यांच्या हॉलमध्ये बसत होतो, सिस्टरच्या पलंगापासून दहा पावलांवर, चमचा वाजवत. त्या आधीची दोन वर्षंही मी तिथंच होतो. मला दुसरी बाजू धरायला त्यांनी सांगितलं नाही, आणि मी धरू का म्हणून विचारलं नाही.

पुष्पावतीनं खुर्ची व्हरांड्याकडे वळवली. मी चादरीची घडी घालत होतो. दादा खिडकीतून वळले आणि माझ्या हातांकडे बघत राहिले.

"नाथा," ते म्हणाले, "तुला जमलं असतं की रे."